अर्धा एकर विकू का?

"ताई, आमचा मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा आहे. दिवाळीआधी पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. नावानं हाक मारली तर बघत नाही. बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत बसतो. एक ते शंभर इंग्रजीत म्हणतो, पण 'आई' म्हणत नाही. पाणी दिसलं की धावत सुटतो. सासूबाई म्हणतात मोबाइलनं झालं, नाहीतर गरोदरपणी तापात तू गोळ्या खाल्ल्यास त्यानं झालं. नणंद न्यू जर्सीला असते, ती म्हणते इकडे घेऊन या, इथे अशी मुलं सुधारतात. मिस्टरांना कुणीतरी स्टेम सेलचं सुचवलंय, त्यासाठी अर्धा एकर काढायचं चाललंय. थेरपीच्या मॅडम म्हणतात, घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आणि दिराची सोयरीक जमवायची आहे म्हणून तोवर बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. ताई, एवढ्या मोठ्या जगात कुठेतरी यावर औषध असेल ना? अर्धा एकर विकू का?
— एक आई, कराड"

प्रिय ताई,

तुमचं पत्र आठ पानी होतं. इथे जागेपुरतं आटवून घेतलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण जमिनीचा इसार एकदा घेतला की माघार अवघड असते. विकू नका.

स्टेम सेलबद्दल, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबद्दल, आपल्याकडे नियम स्पष्ट आहे. आयसीएमआर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता मिळालेल्या संशोधनातच करता येतो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही 2022 मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं सांगितलं. म्हणजे कुणी तुमच्याकडे याचे लाखो रुपये मागत असेल, तर ते मागणंच मुळात चुकीचं आहे. मिस्टरांना हे वाचून दाखवा, पण रागानं नको. मुलासाठी जमीन काढायला निघालेला बाप आहे तो. त्याच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

माझा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. तो पाच वर्षांचा असताना एका केंद्रात आम्ही चार महिने रोज तेलाच्या धारा आणि कसल्याशा पावडरी घेतल्या. माझ्या दोन पाटल्या गेल्या. पाटल्यांचं दुःख नाही. पण त्या चार महिन्यांत मी एकदाही त्याच्याबरोबर जमिनीवर बसले नाही. रोज त्याला घेऊन रांगेत बसत होते. ती पावती मी फाडलेली नाही, अजून कपाटात आहे.

याहून वाईटही घडलेलं आहे. 2005 साली पाच वर्षांच्या एका मुलाला त्याची आई इंग्लंडहून अमेरिकेत घेऊन गेली होती. शरीरातले जड धातू काढले की ऑटिझम जातो, असं सांगणारे डॉक्टर तेव्हा तिथे होते. पेनसिल्वेनियातल्या एका दवाखान्यात ते धातू काढायचं औषध शिरेतून देताना मुलाचं हृदय बंद पडलं. ते घर तर इंग्लंडातलं. तरीही त्यांना वाटलं, खरं औषध आणखी पलीकडे आहे. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही ज्या देशाकडे डोळे लावून बसला आहात, त्या देशातली माणसंही आणखी कुठेतरी डोळे लावून बसलेली असतात.

ऑटिझम घालवणारं औषध जगात कुठेही नाही. झोप, फिट्स, अतिचंचलता अशा सोबतच्या गोष्टींवर औषधं आहेत आणि गरज असेल तेव्हा ती जरूर द्यावीत. पण ऑटिझम ही मेंदूची घडणच आहे. अशी मुलं सगळीकडे जन्मतात. जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं ढोबळपणे शंभरात एक असा आकडा सांगत आली, आणि 2018 साली भारतातल्या पाच ठिकाणी मुलं तपासून जो अभ्यास छापला गेला, त्यातही प्रमाण साधारण तेवढंच निघालं. अमेरिकेतल्या सरकारी अहवालात 2022 चा आकडा 31 मुलांमागे एक असा आहे. तो वाचून नणंदबाई घाबरल्या असतील, पण त्याच अहवालात टेक्ससमधल्या लारेडो शहरात 103 मुलांमागे एक आणि कॅलिफोर्नियातल्या पाहणीच्या ठिकाणी 19 मागे एक आहे. एकाच देशात एवढी तफावत पडते, त्यात कोण शोधतं, कुठे शोधतं आणि तपासणीची सोय किती आहे याचा मोठा वाटा असतो.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट. अमेरिकेत पहिल्या निदानाचं मधलं वय 47 महिने आहे, म्हणजे निम्म्या मुलांना चौथ्या वाढदिवसाच्या आसपास किंवा त्याहून उशिरा कळतं. तुमच्या मुलाचं वय आज 44 महिने आहे आणि निदान त्याआधीच झालंय. इंग्लंडमध्ये तर 2024 साली तपासणीच्या रांगेत दोन लाखांहून अधिक माणसं उभी होती. तुम्ही कराडहून एसटीनं पुण्याला तीन खेपा घातल्यात आणि या सगळ्यांच्या पुढे आहात. उशीर झाला असं रडू नका.

नणंदबाई खोटं बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. अमेरिकेत तिसऱ्या वर्षापासून सरकारी शाळेत अशा मुलांना विशेष शिक्षण फुकट मिळण्याचा कायदा आहे, आणि तो चांगला कायदा आहे. पण तो तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांच्या कामाचा. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर शाळा मिळत नसते. मिस्टरांना उद्या तिकडे नोकरी लागली तर गोष्ट वेगळी. फक्त उपचारासाठी जायचं म्हणाल तर तिथले थेरपिस्ट तुमच्या मुलाबरोबर जे करतील, ते पाहून तुम्हाला वाटेल, अरे, हे तर मी घरीही करू शकले असते. त्याच्याकडे नंतर येते.

आधी एका पत्राची गोष्ट. तुमची आठ पानं वाचताना मला ते सारखं आठवत होतं.

1938 साली मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातल्या एका वकिलानं आपल्या मुलाबद्दल पत्र लिहून घेतलं. भरलं तेहतीस पानं. मुलगा पाच वर्षांचा. आईकडे बघून हसत नाही, गोल वस्तू फिरवत बसतो, आकड्यांचं वेड, स्वतःतच खूश. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईबापांनी त्याला तिसऱ्या वर्षीच एका संस्थेत ठेवलं होतं आणि वर्षभरानं डॉक्टरांचं न ऐकता घरी परत आणलं होतं. ते पत्र गेलं बाल्टिमोरच्या लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांकडे. कॅनरनी 1943 मध्ये अकरा मुलांवर निबंध लिहिला. ऑटिझम हे नाव या मुलांना ज्या लिखाणातून जगभर मिळालं, ते हेच. त्यात पहिला मुलगा या वकिलाचा, डोनाल्ड. (मॉस्कोत ग्रुन्या सुखारेव्हा या डॉक्टरबाईंनी 1925 मध्येच अशा सहा मुलांचं फार बारकाईनं वर्णन केलं होतं. त्यांना त्याचं श्रेय कितीतरी उशिरा मिळालं, म्हणून त्यांचं नाव मी आवर्जून घेते.)

डोनाल्डचं पुढे काय झालं? नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. मूलबाळ नसलेलं साधं जोडपं. त्याला सारखं मोजायचं असे, लांबी, खोली, काहीही. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायला लावलं. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर म्हणाले, नांगर धर आणि नांगरता नांगरता मोज. कॅनर स्वतः तिथे जाऊन हे पाहून आले आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. पुढे तो गावच्या शाळेत गेला, कॉलेजात गेला, 1958 मध्ये पदवी घेतली, घरच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा तीसहून अधिक देश हिंडला. 2023 मध्ये 89 व्या वर्षी गेला. शेवटपर्यंत त्याचं बोलणं तुटक होतं. ऑटिझम गेला नव्हता. गावानं त्याला तसंच घेतलं होतं.

त्याचं घर पैसेवालं होतं, बँक त्यांची होती, हे मी लपवत नाही. सगळी मुलं डोनाल्डसारखी होत नाहीत. माझा नाही झाला. तो आजही मोजकं बोलतो. सकाळी दुधाच्या पिशव्या आणतो, सुटे पैसे मोजून घेतो, पाऊस असला तरी त्याच वेळेला जातो. दुकानदार त्याला ओळखतात आणि उशीर झाला तर मला फोन करतात. पण डोनाल्डच्या गोष्टीत ज्या जागी मुलाचं आयुष्य वळलं, ती जागा मला नेहमी ते शेतच वाटते. मुलाला जे करायचं होतं, त्याच्याच वाटेनं त्या दोघांनी त्याला कामापर्यंत नेलं.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, "रात्री झोप येत नाही, मी काय केलं तेच आठवत बसते." ताई, आईवर बोट ठेवण्याची ही चाल कराडातल्या घरात निर्माण झालेली नाही. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत मोठमोठे विद्वान सांगत होते की आई बर्फासारखी थंड असली की मूल असं होतं. बायकांनी वर्षानुवर्षं ते सोसलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून ते मोडून काढायला सुरुवात केली. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिझमचा होता. 1977 मध्ये लंडनमध्ये जुळ्या मुलांवर पहिला नीट अभ्यास झाला आणि कारण मुख्यतः जन्मजात घडणीत आहे, हे दिसू लागलं. 2019 मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाख मुलांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा सुमारे 80 टक्के वाटा जनुकांचा निघाला. यात शेकडो जनुकांचा संबंध येतो, त्यामुळे हे तुमच्या माहेरचं की सासरचं, असा हिशोब मांडायला कुणी बसलं तर बसू देऊ नका.

तापातल्या गोळ्यांचं म्हणाल, तर 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेतून गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध असल्याची बातमी आली आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. सासूबाईंपर्यंत तीच पोचली असावी. स्वीडनमध्ये जवळजवळ 25 लाख मुलांचा अभ्यास 2024 मध्ये छापून आला आहे. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली. फरक आढळला नाही. तुम्ही ताप उतरवलात ते बरोबर केलंत. गरोदरपणी अंगात ताप ठेवणं चांगलं नसतं.

मोबाइल जरूर कमी करा. त्यानं ऑटिझम झाला म्हणून नव्हे, तर त्याचे जागेपणीचे तास तुमच्या वाट्याला यायला हवेत म्हणून. आणि कुणी लसीचं कानात सांगितलं तर राहिलेल्या लसी चुकवू नका. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या तिहेरी लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा तो बारा मुलांवरचा निबंध मासिकानं 2010 मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना गेला. डेन्मार्कनं 6,57,461 मुलं तपासली, संबंध निघाला नाही. जपाननं ती तिहेरी लस 1993 मध्ये बंदच केली, तरी योकोहामात ऑटिझमची निदानं वाढतच राहिली.

थेरपीच्या मॅडमचा हेतू चांगला असेल, पण मराठी बंद करण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका. या एका गोष्टीवर मला फार बोलावंसं वाटतं. मुलगा यूट्यूबवरून इंग्रजी आकडे शिकला, म्हणून त्याची भाषा इंग्रजी ठरत नाही. ते आकडे त्याला गाण्यासारखे आवडतात. कॅनडात माँट्रियलला दोन भाषांच्या घरांत वाढणारी ऑटिझमची मुलं पाहिली गेली, तेव्हा एका भाषेच्या घरांतल्या मुलांपेक्षा त्यांच्या बोलण्यात जास्तीचा उशीर आढळला नाही. आणि समजा तुम्ही मराठी बंद केलीत, तर काय उरेल? आजीचं ओवी म्हणत थोपटणं गेलं. आजोबांचं "ये रं माझ्या वाघा" गेलं. तुमच्या तोंडी उरेल "कम, सिट, गुड बॉय". तुम्ही स्वतः लिहिलंय की इंग्रजी बोलताना शब्द शोधावे लागतात. ज्या मुलाला माणसांकडे वळायला आधीच कष्ट पडतात, त्याच्या आईनं शब्द शोधत त्याच्याशी बोलायचं? नको. कराडची तुमची रोजची बोली बोला.

आता तो घरचा उपचार. याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्या शेजारचं, गोव्याचं आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संशोधकांनी एक पद्धत बसवली होती, तिथले तज्ज्ञ ती शिकवत. आपल्याकडे एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? गोव्यातली संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीची मंडळी यांनी मिळून ती पद्धत इकडच्या घरांसाठी बदलून घेतली. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन ती 65 मुलांच्या कुटुंबांबरोबर तपासली आणि निष्कर्ष 2016 मध्ये वैद्यकीय मासिक 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आला. आईबाप मुलाला प्रतिसाद देतात त्यात ठळक फरक पडला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळीच मोजमापं सुधारली असं नाही, पण एवढंही मोठं आहे.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. आई मूल जसं खेळतात तसं खेळतात, थोडा वेळ त्याचं चित्रीकरण होतं आणि मग कार्यकर्ता आईबरोबर बसून ते पाहतो. "इथे थांबवू. बघा, इथे त्यानं तुमच्याकडे एकदा पाहिलं होतं. तुम्ही तेव्हा पुढचा प्रश्न विचारत होतात." आपल्या लक्षातही न आलेले असे क्षण सापडत जातात. मिस्टरांना मोबाइलवर दहा मिनिटं चित्रीकरण करायला सांगा. रात्री दोघांनी बघा, आणि एकमेकांच्या चुका काढू नका. फक्त तो कधी वळला, कधी थांबला, कधी हात पुढे केला, ते शोधा.

मग खेळताना प्रश्न बंद. आपण अशा मुलाला दिवसभर तोंडी परीक्षेला बसवतो. हे काय? हा कुठला रंग? आई म्हण. म्हण ना. तुमच्या पत्रात "आई म्हण" किती वेळा आलंय ते मी मोजलं नाही, पण मीही वर्षभर हेच केलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. त्याऐवजी त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला जमिनीवर बसा. तो झाकण लावतोय? तुम्हीही एक झाकण लावा. म्हणा, "झाकण." गप्प बसा. दहा आकडे मनात मोजा. तो काही करेल, बघेल, झाकण ढकलेल, आवाज काढेल. "पडलं! झाकण पडलं." तो ज्यात आहे त्याबद्दलच एक-दोन शब्द बोला. त्याला पाणी हवं असेल तर हात धरून माठाकडे नेतो ना? ते नेणं म्हणजे बोलणंच आहे. "पाणी," म्हणा, आणि द्या. शब्द म्हटल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असला प्रकार कधी करू नका. रोज अर्धा तास, जमलं तर दोनदा विभागून. शब्द येतील का, किती येतील, हे मी सांगू शकत नाही. नाही आले तर चित्रं दाखवून, खुणांनी, टॅबवर बोट ठेवून बोलता येतं, आणि त्यानं तोंडी बोलणं अडत नाही.

आपल्याकडे स्वमग्न हा शब्द रूढ आहे. पूर्वी मला तो आवडायचा. आता वापरताना अडखळते. तुमचा मुलगा झाकणांत मग्न आहे, पंख्यात मग्न आहे, पाण्यात आहे. स्वतःत कुठे आहे? न्यूझीलंडच्या माओरी भाषेत केरी ओपाई नावाच्या भाषातज्ज्ञानं 2017 मध्ये नवा शब्द तयार केला, ताकिवातांगा. त्याचा अर्थ साधारण असा, 'त्याच्या स्वतःच्या वेळेत आणि अवकाशात'. झाकणांपाशी बसून दहा आकडे मोजाल तेव्हा हा शब्द आठवा.

पाण्याचं मात्र आजच्या आज बघा. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत ऑटिझमच्या मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं हे प्रमुख कारण म्हणून पुढे आलंय. ही मुलं घरातून न सांगता निघतात, आणि पाण्याकडे ओढली जातात. तुमच्या गावात कृष्णा-कोयनेचा संगम आहे, शेतात विहीर आहे. दाराला त्याचा हात पोचणार नाही अशी वरची कडी लावा. विहिरीला जाळी नसेल तर जमिनीच्या पैशांऐवजी ते पैसे आधी काढा. गळ्यात किंवा शर्टाच्या आत शिवून तुमचा फोन नंबर ठेवा. आजूबाजूच्या चार घरांना सांगून ठेवा की पोरगं एकटं दिसलं तर आधी धरा, मग हाक मारा, कारण हाकेला तो थांबणार नाही. आणि सहा-सात वर्षांचा झाला की पोहायला शिकवा. पाण्याची आवड असलेली ही मुलं पोहायला फार छान शिकतात.

शेजाऱ्यांना सांगायचं म्हटलं की दिराच्या सोयरिकीचा प्रश्न आलाच. दक्षिण कोरियात याच भीतीपायी कितीतरी आया डॉक्टरांकडून वेगळंच निदान लिहून घेत. रॉय ग्रिंकर या मानववंशशास्त्रज्ञानं ते नोंदवलंय. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिझमची. आईच्या मायेत कमी पडल्यानं मूल असं झालं, असा अर्थ होणारं निदान त्या आया पत्करत. का, तर ऑटिझम म्हटलं की रक्ताचा दोष धरतात आणि भावंडांची लग्नं अडतात. स्वतःवर डाग घेऊन घर वाचवायचं. तिथल्या गोयांग शहरात शाळा-शाळांतून मुलं तपासून 2011 मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात 7 ते 12 वर्षांच्या मुलांत प्रमाण 2.64 टक्के निघालं. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश मुलं साध्या शाळेत बसत होती, ना निदान ना मदत. लपवल्यामुळे मुलं कमी होत नाहीत, एवढंच त्यातून दिसतं. दिराच्या स्थळाकडच्यांना दारावर पाटी लावून सांगायला नको, मान्य. पण लग्न ठरेपर्यंत मुलाला आतल्या खोलीत ठेवायचं असं घरात ठरत असेल, तर दिराशीच बोला. पुतण्याला लपवून मिळालेली बायको उद्या त्याच घरात नांदायची आहे. तुम्ही लिहिलंय तो एकटाच त्याला खांद्यावर घेऊन फिरवतो. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तो तुमच्या बाजूचा असेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. श्रवण तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलातून मिळतं आणि त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. शिक्का बसेल म्हणून टाळू नका, शाळेतल्या प्रवेशाला ते कामी येतं आणि पुढे परीक्षेतल्या सवलतींना लागतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामया विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. सिव्हिललाच डीईआयसी, म्हणजे लहान मुलांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. पालकांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईची उम्मीद, दिल्लीची अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम या जुन्या आणि भरवशाच्या संस्था आहेत. बालवाडीच्या बाई नको म्हणाल्या असतील तर एकदा मुलाला न घेता जाऊन भेटा, तो काय काय करतो ते सांगा. काय करत नाही ते त्यांना दिसलेलंच आहे.

दुसऱ्या मुलाचा विषय तुम्ही शेवटच्या पानावर खोडून पुन्हा लिहिलाय. सासूबाई म्हणतात तसं, याला सोबत म्हणून. 2024 च्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडांत पाचातल्या एकाला ऑटिझम आढळला. पाचातल्या चौघांना नाही. हे दोन्ही आकडे समोर ठेवून तुम्ही आणि मिस्टर दोघांनीच ठरवा. याच्यासाठी म्हणून मात्र दुसरं नको. येणाऱ्या बाळाच्या डोक्यावर आधीच काम ठेवू नये.

आणि त्या अर्ध्या एकराचं. तुम्ही लिहिलंय तिथे ऊस आहे, आणि मिस्टर रविवारी पाणी पाजायला जातात. या रविवारी तुम्ही तिघंही जा. दोघांपैकी एकाचा हात सतत त्याच्या हातात असू दे. त्याला एक ते शंभर येतंच, इंग्रजीत का होईना. पहिल्या सरीच्या तोंडाशी उभे राहा, म्हणा "एक", आणि थांबा. किती सऱ्या भरल्या ते मला कळवा.

तुमची,
ताई